सगळे आले नाहीत

ओंदारोआच्या धक्क्यामागे, जाळी सांधायच्या शेडमध्ये
मी कोंचेसीसमोर वही उघडली.
वहीत चौसष्ट वाक्यं, प्रत्येकापुढे दोन रकाने:
अर्थ एक, अर्थ दोन.
कानाला खुपेल त्या वाक्यावर फुली.
एवढंच काम, बिल्बाओच्या विद्यापीठानं लावून दिलेलं.

तिची सुई आत, फास, गाठ. मान वर नाही.
"विचार," म्हणाली, "हात गुंतलेत, तोंड मोकळं आहे."

तेवीस वाक्यं बिनबोभाट गेली:
कुणी कुणाला बांगडे विकले,
कुणाच्या पोराला कुणी कुठून पाहिलं.
चोविसावं माझं लाडकं.
देनाक एस दिरा एतोरी.
सगळे आले नाहीत.

मी कागदावर झाड काढलं, आमच्या शास्त्रातलं,
मूळ वर, फांद्या खाली.
नकार 'सगळे'च्या वर बसला, तर काही आले, काही राहिले.
'सगळे' नकाराच्या वर चढलं, तर कुणीच नाही.
शब्द तेच, क्रम तोच,
कोण कुणाच्या सावलीत, एवढाच काय तो फरक.
"तुम्हाला दोन्ही अर्थ लागतात का?"

सुई थांबली.
"कुठला विचारतेस? पहाटे पाचचा, की नऊचा?"

पाचला मच्छीमार संघाच्या कारकुनानं
रेडिओच्या खरखरीतून हेच वाक्य ऐकलं
आणि दारात येऊन जसंच्या तसं सांगितलं.
भला माणूस. पदरचं काही घातलं नाही त्यात.
बोटीवर अकरा जण. धक्क्यावर अकरा घरं.
"चार तास आम्ही त्या एका वाक्यात उभ्या होतो."
फेलिपानं पोरगी घरी पिटाळली, चूल पेटवून ठेव म्हणून:
तिच्या वाक्यात काही जण येत होते, आणि त्यांत तिचा.
मार्त्सानं तांबडा कोट काढून उलटा घातला;
अस्तर काळं होतं.
कारकुनाला कुणीच काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बिचाऱ्याला
एक अर्थ निवडावा लागला असता.

नऊला सात जण आले.
वाक्यातला एक शब्द जागचा हलला नव्हता.

मी दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण केली.
घाईच केली.

"अजून एक आहे," ती म्हणाली.
"सात आले. मी मोजले, ओलेकिच्च, ब्रँडीचा पेला दोन हातांत धरून.
आंब्रोसिओ त्यांत नव्हता.
ते सात डोळ्यांसमोर उभे असताना
सगळे आले नाहीत, पोरी.
कुणीच नाही, या अर्थानं."

मी झाडाकडे पाहिलं.
याला टेकायला फांदी नव्हती.
आमचे सर म्हणतील, हा वाक्याचा अर्थ नव्हे, ऐकणारीचा.
म्हणोत. रकाना आखायला पट्टी घेतली
आणि तशीच धरून बसले.

"मग तुम्ही स्वतः कसं म्हणता?" सवयीनं विचारून गेले.

"इत्सासोआक एरामान दू."
समुद्रानं नेलाय.

करणाऱ्याच्या शेपटीला आमच्यात एक 'क' लागतो.
समुद्र नुसता येतो-जातो तेव्हा लागत नाही;
कुणाचं काही केलं, की लागतो.
आणि ज्याला नेलं त्याचं नाव घ्यावंच लागत नाही,
त्या इवल्याशा 'दू'च्या पोटात
त्याची जागा आधीपासून धरलेली असते.

"साठ वर्षं झाली," कोंचेसी म्हणाली,
"त्याचं नाव न घेता मी पुरं वाक्य बोलते.
व्याकरणाची चूक काढून दाखव."

चूक नव्हती.

तिनं दातांनी दोरा तोडला,
सांधलेलं जाळं दिव्यासमोर धरलं,
एक गाठ बोटानं चाचपली, ती सैल निघाली.
"वरची ढिली असली की खालच्या चार सुटतात,"
माझ्याशी नव्हे, जाळ्याशी बोलली,
आणि उसवू लागली.

"हं. पंचविसावं?"